गुरूभोवतीचं कडं

“वरनं पाऊस न्हाई, काय न्हाई, आन् ही सतरंजी ओली कशी ओ झाली?”

“तूच तांब्या सांडला असशील.”

“मी? तांब्या गाडीत हाय की!”

नेसरीकडून सहलीला आलेलं एक कुटुंब आपल्या पाळीची वाट पाहत बसलं होतं, त्यातल्या नवराबायकोचं हे बोलणं. मी तीन हातांवर दुर्बिणीपाशी उभी होते. सतरंजी का ओली झाली ते मला माहीत होतं. खरं तर त्या माळावर ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेच माझं काम होतं. तरीही मी काही बोलले नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत मराठीत बोलायचं तर आधी वाक्य मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असायचा. शेवटी त्या बाईंनी पदराने सतरंजी टिपली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसल्या.

पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला एका शेतमालकाचा माळ आमचे विनयसर भाड्याने घेतात. दिवाळी झाली की शिवरात्रीपर्यंत तिथे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. कोल्हापुरातून, गडहिंग्लजकडून, कधी बेळगावहून लोक येतात. सर बोलतात. नक्षत्रं, राशी, गोष्टी, विनोद हे सगळं त्यांचं. माझ्याकडे दुर्बीण. ती ग्रहावर रोखायची, रोखलेली ठेवायची आणि तिच्या काचेवर दव धरू द्यायचं नाही. पाहुण्यांना पहिली दोन कामं दिसतात. तिसरं जमलं तर कुणाच्याच लक्षात येत नाही.

दव पडतं असं आपण म्हणतो, पण ते वरून पडत नाही. उघड्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडत असते. आभाळ निरभ्र असलं की ही ऊब अडवायला वर काहीच नसतं, आणि ती वस्तू भोवतालच्या हवेहून गार होते. मग हवेतला ओलावा तिच्यावर येऊन बसतो. उन्हाळ्यात माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं की बाहेरून थेंब धरतात, तसंच. म्हणून अंगणात लावलेल्या स्कूटरची सीट सकाळी भिजलेली असते आणि शेडखालची कोरडी असते. शेडचं छप्पर तिची ऊब अडवतं. दुर्बीण मात्र शेडखाली ठेवता येत नाही. तिला आभाळच बघायचं असतं, आणि ज्या रात्री आभाळ सगळ्यांत स्वच्छ, त्याच रात्री ती सगळ्यांत लवकर भिजते.

आमची मोठी दुर्बीण आखूड आणि जाड आहे, बादली आडवी करून ठेवावी तशी. तिच्या अगदी तोंडाशी एक सपाट काच आहे. भिजते ती हीच. उपाय साधे आहेत. काचेच्या पुढे काळ्या फोमची एक लांब नळी चढवायची, म्हणजे काचेला आभाळाचा लहानसा तुकडाच दिसतो आणि ती सावकाश गार होते. हा फोम मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणते आणि स्वतः कापते. दुसरा उपाय म्हणजे काचेच्या कडेभोवती गुंडाळायची एक पट्टी. तिच्यात बारीक तारा असतात, बॅटरीवर ती कोमट होते. पहिली पट्टी मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून कापडात शिवून घेतली होती. माप घेताना तो म्हणाला, “कंबर लईच बारीक हाय की. कुणाची हो?” दुर्बिणीची, म्हणून सांगितलं. त्यावर त्याने पट्टीला आतून अस्तरही लावून दिलं.

पट्टी कोमटच ठेवावी लागते. जास्त तापली तर काचेपुढची हवा हलायला लागते, आणि उन्हात डांबरी रस्त्यावरचं चित्र लहरतं तसा गुरू लहरायला लागतो. कमी तापली तर दव. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते, आणि हवेप्रमाणे ती रात्रभर सरकत राहते.

आणि दव धरलंच तर काच पुसायची नाही. हे मात्र कुणालाच पटत नाही. एका साखर कारखान्यातले साहेब आले होते. चित्र जरा मंद दिसतंय म्हणून त्यांनी कुणाला काही कळायच्या आत फोमची नळी काढली, काचेवर तोंडाने हाऽ केलं आणि खिशातल्या रुमालाने गोल गोल पुसलं. चष्मा पुसतात तसं. त्या काचेवर फार पातळ लेप असतो. रुमालातल्या धुळीने त्यावर जी रेघ उठली ती आजही आहे. साहेब खुशीत म्हणाले, “बघा, आता कसं झालं!” सरांनी त्यांचे आभार मानले, कारण ते पाहुणे होते. मी त्या रात्री घरी जाईपर्यंत कुणाशी बोलले नाही. अर्थात, मी एरवीही फारसं बोलत नसल्याने ते कुणाला कळलं नाही.

कळलं ते संभामामांना. संभामामा म्हणजे पाहुण्यांची गाडी आणणारे ड्रायव्हर. टेम्पो ट्रॅव्हलर मालकाची होती, चालवायचे मामा. साठीच्या उंबरठ्यावरचे, आवाज असा की माळाच्या या टोकाला शिंकले तर त्या टोकाची कुत्री उठावीत. परतताना ते मला म्हणाले, “रडू नको. आगं, माझ्या गाडीला किती ओरखडे हायत. पळतीया की अजून.”

मला जे बोलता यायचं नाही ते मामा बोलायचे. माळाच्या खालच्या अंगाला ऊस आहे. शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीचीच असते, म्हणून उसाला पाणीही रात्रीच सोडतात. सरी भिजली की तिच्यावरची हवा ओली होते आणि वर आमच्या काचेवर येऊन बसते. एकदा असंच ऐन कार्यक्रमात पाणी सुटलं. मी बांधापर्यंत गेले, बॅटरी घेऊन फिरणारा शेतकरी पाहिला आणि परत आले. मामांनी मला बघितलं आणि काही न विचारता बांधावर गेले.

“ओ पावणं! ह्या वरल्या सऱ्यांचं पाणी जरा मागनं सोडा की. हितं दुर्बिणीला घाम फुटाय लागलाय.”

“दुर्बिणीला घाम? लाईट रातचीच येती, मी काय तुमच्या दुर्बिणीला इचारून मोटर लावू व्हय?”

“लावा की मोटर, कोण नगं म्हंतंय? खालच्या अंगाला लावा आन् मग वर या. आन् येताना शनी बघून जावा. फुकाट.”

पाणी वळलं. तो शेतकरी नंतर चिखलाच्या पायांनी आला, शनी बघितला, त्याची कडी पुन्हा एकदा वाकून बघितली आणि घरातल्यांना बोलवायला गेला.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कार्यक्रम चालू असताना काचेवर दव धरलं आहे की नाही हे बघायचं तर पुढून बॅटरी मारावी लागते. पण उजेड पडला की अंधाराला सरावलेले सगळ्यांचे डोळे बिघडतात आणि रांगेतून ओरडा होतो. स्वतः डोळा लावून बघावं तर रांग थांबते. मग मामाच मध्ये मध्ये रांगेत घुसायचे. “सरा, सरा, मेकॅनिक आलाय,” असं म्हणत एक हात पाठीमागे घेऊन वाकायचे, डावा डोळा मिटायचे, उजवा लावायचे आणि निकाल सांगायचे. “चकाचक,” म्हणजे पट्टी आहे तशी राहू दे. “भुरकाटलं,” म्हणजे वाढव. हे कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं. त्यांची नजर फार चांगली होती. गुरूवरचे पट्टे जरासे फिके झाले तरी त्यांना कळायचं. मी काचेकडे न बघता त्यांच्या शब्दावर पट्टीचं बटण फिरवायचे, आणि ते कधी चुकले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात ते चुकायला लागले.

आधी मला तसं वाटलंच नाही. “भुरकाटलं,” ते म्हणायचे. मी पट्टी वाढवायचे. थोड्या वेळाने पुन्हा, “भुरकाटलंय गं. गुरूला कडं पडलंय.” मी आणखी वाढवायचे. मग पाहुणे म्हणायचे, ग्रह हलतोय. मला कळेना. मी फोमची नळी बदलली. पट्टीतल्या तारा उसवून पुन्हा जोडल्या. डोळा लावायची भिंगं बदलली. एका रात्री पट्टी इतकी तापवली की बॅटरी उतरली, आणि त्यानंतर खरोखरचं दव आलं तेव्हा माझ्या हातात काहीच उरलं नाही. रांगेतले निम्मे लोक काही न बघता परतले. सर नुसतं म्हणाले, “असं व्हायला नको होतं.” रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इतकं होऊनही मामांच्या डोळ्यावर मी शंका घेतली नाही. दोष काचेत, पट्टीत, हवेत शोधत राहिले. आमच्या धंद्यात चित्र धूसर झालं की दव हेच पहिलं उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

मलकापूरच्या बाजूच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा कार्यक्रम होता. विनयसर त्या दिवशी पुण्याला होते. बोलण्यासाठी दुसरे एक शिक्षक आले होते, पण ते लवकर गेले आणि शेवटची रांग माझ्यावर आली. मुली गप्प बसणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे मला फारसं बोलावं लागलं नाही. एकीने डोळा लावला आणि ओरडली, “आई शप्पत, पट्टे हायत! दोन! आन् बाजूला टिकल्या लावल्यागत ठिपके!”

तिच्या मागोमाग मामा वाकले. “भुरकाटलं. कडं पडलंय भोवतीनं.”

मी बटणाकडे हात नेला आणि थांबले. पट्टे आत्ता दिसत होते. एक मुलगी बाजूला होऊन मामा डोळा लावेपर्यंत दव धरत नाही. मी ओढणीआड तांबडी बॅटरी धरून काच बघितली. कोरडी होती. कडेपर्यंत कोरडी.

मला जे समजलं ते दुर्बिणीमुळेच समजलं. रोजच्या जगण्यात आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो. एक मंद झाला तर दुसरा ते झाकून घेतो, आणि माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. दुर्बिणीला मात्र एकच डोळा लावायचा असतो.

मी हळूच म्हणाले, “मामा, डाव्या डोळ्याने बघा.”

“का?”

“बघा ना.”

त्यांनी उजवा मिटला, डावा लावला. बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि मुलींना म्हणाले, “चला, चहा घ्या जावा, गार हुतोय.” मुली माळाच्या कडेच्या शेडकडे पळाल्या.

“डाव्यानं चकाचक हाय,” मामा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“कधीपासून?”

“दिवाळीपास्नं आसंल. दिवसा काय न्हाई. अंधारात आलं की हुतंय. समोरच्या गाडीच्या लाईटला बी कडं दिसतंय, रंगीत. डोसकं ठणकतंय मग.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दावतो की. सीझन संपू दे. मालकाला कळलं तर चावी काढून घील.” ते मफलर सोडून पुन्हा बांधू लागले. “तू कुणाला बोलू नको.”

मी काहीच म्हणाले नाही. त्यांना तो नकार वाटला असावा, कारण पुढचं वाक्य त्यांनी जरा कडवट म्हटलं. “गप बसाय तुला काय शिकवाय लागतंय व्हय?”

ते गेले. मी सामान आवरायला घेतलं.

आवरण्याचाही एक नियम आहे. काच पूर्ण कोरडी झाल्याची खात्री केल्याशिवाय तिच्यावर झाकण लावायचं नाही. ओल आत कोंडली तर काचेवर बुरशी धरते, ती पुन्हा निघत नाही. त्या रात्री काच कोरडीच होती, तरी मी पट्टी चालू ठेवून उभी राहिले. माळावर आभाळ लख्ख होतं, पण खाली, वाघबीळाच्या वळणांकडे, दरी धुक्याने भरली होती. वरून ते पांढरं आणि सपाट दिसत होतं. तिथून मलकापूरच्या रस्त्याला लागायचं, समोरून रत्नागिरीकडचे ट्रक, त्यांचे मोठे दिवे, आणि मामांच्या उजव्या डोळ्यात त्या प्रत्येक दिव्याभोवती कडं. मागे वसतिगृहाच्या सगळ्या मुली.

मी सरांना फोन लावला. मामांबद्दल सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं की खाली धुकं फार आहे. सर म्हणाले, “मामांना विचार. ते निघू म्हणाले तर निघा. त्यांना रस्ता पाठ आहे.”

मग मी मुलींबरोबर आलेल्या रेक्टर मॅडमकडे गेले आणि सकाळपर्यंत थांबता येईल का, असं विचारलं. “रात्री मुली बाहेर ठेवल्या तर मला वर उत्तर द्यावं लागतं,” त्या म्हणाल्या. “का? काही झालंय का?”

काही झालंय का, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण ते उत्तर दिलं की एका माणसाची नोकरी जाणार होती, तीही माझ्यासाठी बांधावर जाऊन भांडणाऱ्या माणसाची. “धुकं आहे,” मी म्हणाले. त्यांनी मामांना हाक मारून विचारलं, “मामा, धुक्यात जमेल ना?” आणि मामा हसून मोठ्याने म्हणाले, “धुकं काय मला नवं हाय व्हय मॅडम? बसा, बसा.”

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. ती रात्र सगळ्यांनी शेडमध्ये काढली, सतरंज्या आणि माझ्या फोमच्या शीटवर. मुलींना मजा वाटली, रेक्टर मॅडमना नाही. सकाळी मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवला. दोन दिवसांनी मामांचा मुलगा त्यांना कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. काही जणांच्या डोळ्यातलं पाणी अंधारात बाहुली मोठी झाली की तुंबतं आणि आतला दाब वाढतो. दिव्यांभोवती कडी दिसतात, डोकं दुखतं. उजव्या डोळ्याची जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्यालाही तोच धोका होता. त्यावर वेळेत लेझर झालं आणि तो राहिला.

मामा आता गाडी चालवत नाहीत. मुलाच्या टायर पंक्चरच्या दुकानात बसतात. मी दोनदा त्यांना भेटायला गेले. पहिल्यांदा ते बोलले नाहीत. दुसऱ्यांदा चहा मागवला, मुलाला म्हणाले, “हीच ती,” आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले. त्यात राग किती होता मला ओळखता आलं नाही. मला जास्त टोचतं ते वेगळंच. ज्या अंधारात त्यांचा डोळा दुखायचा, त्याच अंधारात मी त्यांना रात्रीतून कितीतरी वेळा वाकायला लावत होते, माझी काच सांभाळण्यासाठी.

आता काचेशेजारी एक लहान यंत्र बसवलंय. ओलावा वाढला की ते बारीक आवाज करतं. ते चुकत नाही. रांगेतले लोक मात्र त्याला सरकून वाट देत नाहीत.

तर त्या रात्री. मुली गाडीत चढल्या होत्या, मागच्या सीटवर गाणी सुरू झाली होती. गाडी शेडखाली उभी असल्याने तिला दव लागलं नव्हतं. मी शेवटची पेटी घेऊन गाडीपाशी आले आणि ड्रायव्हरच्या बाजूला वळले, तेव्हा मामांनी इंजिन चालू केलं होतं. शेडच्या दिव्यात पुढची काच अगदी स्वच्छ दिसत होती. तिच्यावरून वायपर फिरत होते. एकदा, दोनदा, करकर आवाज करत. मामा मान पुढे काढून काचेतून दिव्याकडे बघत होते आणि वायपर थांबवत नव्हते.

मी पेटी खाली ठेवली. खिडकीशी जाऊन हळू आवाजात म्हणाले, “मामा.” त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं केलं. गिअर टाकला. गाडी जराशी पुढे सरकली. मी खिडकीची कड धरली, आणि या वेळी वाक्य मनात जुळवत बसले नाही. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. मागचं गाणं थांबलं. सगळ्या मुलींनी ऐकलं, रेक्टर मॅडमनी ऐकलं.

“मामा, काच कोरडी आहे. तुम्हाला दिसत नाहीये. खाली उतरा.”